बक्षीस नको, वर्गणी द्या!

१४ एप्रिल जवळ आला की डीजेवाल्याला इसार आधी पोचतो. मंडपवाला, जनरेटरवाला, बॅनरवाला, सगळ्यांचा दर ठरलेला असतो. फक्त गायन पार्टीने आकडा सांगितला की कार्यकर्त्यांना एकदम मिशन आठवते. "बाबासाहेबांच्या गाण्याचे पैसे मागता?" डिझेलला मिशन लागू नाही, ढोलकीवाल्याच्या पोटाला मात्र लागू! हा कुठला न्याय?

यावर काही बांधव म्हणतील, आम्ही स्टेजवर बक्षीस देतो की! देता, मान्य. पन्नासाची नोट देता आणि माईकवरून आपले नाव पुकारून घेता. पण बक्षीस हा मालकाचा शब्द आहे. देणाऱ्याची मर्जी, घेणाऱ्याची लाचारी. बलुत्याची रीत याहून वेगळी काय होती? ज्या बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाविरुद्ध मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, त्यांचीच गाणी गाणाऱ्याला आपण नव्या बलुत्यावर जगवायचे काय?

आणि समाज देत नाही तेव्हा पुढारी देतो. मग कॅसेटवर, आता यूट्यूबवर, बाबासाहेबांच्या शेजारी त्याचा फोटो येतो आणि तिसऱ्या कडव्यात त्याचे नाव येते. ज्याचा पैसा, त्याचा सूर!

चाहत्यांनी पैसे गोळा करून बँड उभा करणे ही परदेशी नवलाई समजली जाते. १९९७ मध्ये मॅरिलिअन या इंग्रजी बँडच्या चाहत्यांनी इंटरनेटवरून ६० हजार डॉलर जमवून त्यांचा अमेरिकेचा दौरा घडवला. २००१ च्या अल्बमसाठी तर १२ हजारांहून अधिक चाहत्यांनी रेकॉर्डिंगच्या आधीच पैसे मोजले. पण आपला इतिहास याच्या आधीचा आहे. 'मूकनायक'ला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, तरी ते पत्र १९२३ मध्ये बंद पडले. 'बहिष्कृत भारत'साठी बाबासाहेबांनी थेट वाचकांपुढे हात पसरला नाही, हिशेब ठेवला. हे पत्र समाजाचे असेल तर त्याचे कर्जही समाजाचेच, अशी ती भूमिका होती. पुरेसा पैसा आला नाही आणि १९२९ मध्ये तेही थांबले. त्यातून आपण काय शिकलो?

परभणी तालुक्यातले पेडगाव घ्या, नाहीतर तुमचे स्वतःचे गाव घ्या. समजा, पंचक्रोशीतल्या ५०० घरांनी प्रत्येकी २०० रुपये आगाऊ दिले. एक लाख झाले. तेवढ्यात एखाद्या गायन पार्टीची निदान काही गाणी नीट रेकॉर्ड होतील, वादकांची रोजी सुटेल आणि कोणाच्या फोटोची गरज पडणार नाही.

मात्र भावनेवर पैसा गोळा करून हिशेब बुडवणारेही असतात. प्लेजम्युझिक नावाची कंपनी २०१९ मध्ये बुडाली आणि चाहत्यांनी दिलेले पैसे अनेक कलावंतांपर्यंत पोचलेच नाहीत. म्हणून अटी स्पष्ट हव्यात. खाते दोघा-तिघांच्या सहीचे असावे. पावती २०० ची असो वा २००० ची, मान सारखा. जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लागलाच पाहिजे. काम झाले नाही तर पैसे परत.

आणि सर्वांत महत्त्वाचे, गाण्याची मालकी गीतकार आणि संगीतकाराकडेच राहावी. कंपनीच्या कागदावर एकदा एकगठ्ठा रकमेसाठी सही केली की पिढ्यान्पिढ्या गाणे वाजते, पण लिहिणाऱ्याच्या घरी चूल पेटेलच असे नाही. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित केला आहे. तो हक्क आपल्या किती शाहिरांना कोणी समजावून सांगितला?

कर्डकांच्या जलशांवर भाषणे ठोकणे सोपे आहे. वामनदादांच्या जयंतीला हार घालणेही सोपे आहे. आज जो गातोय त्याला जिवंतपणी पैसे देणे अवघड जाते. यंदा वर्गणीची पावती फाडाल तेव्हा एकच विचारा: यातले गाण्याला किती आणि गोंगाटाला किती?

जय भीम!