दोन प्रतींचा मेळ

बहुतेक जुन्या घरांत पूर्वजांच्या निधनतिथींची एक वही असते. पितृपक्ष जवळ आला कीं ती पेटींतून बाहेर निघते. आमच्या नंदुरबारच्या घरची मूळ वही कसरीनें खाल्ली. तिच्यावरून पूर्वीं केलेल्या दोन नकला तेवढ्या उरल्या: एक आमच्या हातची, दुसरी थोरल्या वहिनींच्या हातची. आम्ही पडलों शाळामास्तर. तेव्हां आमचीच नक्कल शुद्ध, या समजुतीनें इतकीं वर्षें घरांत तीच प्रमाण मानली गेली.

गेल्या महिन्यांत पुतण्यानें दोन्ही नकला संगणकावर उतरविल्या व 'व्हिम' नांवाच्या लेखनसंपादकांत शेजारीं शेजारीं उघडल्या. हा संपादक ब्राम मूलेनार या डच गृहस्थानें १९९१ सालीं प्रसृत केला. दोन मजकूर ताडून पाहण्याची सोय त्यांत २००१ सालीं आली. येथें चित्रांचा थाट नाहीं. काळ्या पडद्यावर 'व्हिमडिफ' हा शब्द व दोन फाइलींचीं नांवें लिहावयाचीं, कीं पडदा मधोमध दुभंगतो. सारख्या ओळींच्या लांब रांगा घडी घालून मिटविल्या जातात, भिन्न ओळी रंगानें उठून दिसतात, आणि एकीकडे ओळच नसेल तर त्या जागीं नुसत्या आडव्या रेघा येतात.

हें पाहून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचें स्मरण झालें. तेथें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध होत होती. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं १९२५ पासून १९४३ सालीं निधन होईपर्यंत तिचें प्रमुख संपादकत्व केलें. श्लोकाश्लोकास स्वतंत्र कागद घेऊन, अक्षराखालीं अक्षर मांडून, निरनिराळ्या हस्तलिखितांतले पाठभेद तेथें टिपले जात. त्यांतील टिपण्याचें काम यंत्र क्षणांत करतें. निवडण्याचें काम मात्र करीत नाहीं.

आमच्या पडद्यावर तर रंगच रंग होते. एकीकडे 'वद्य', दुसरीकडे 'कृष्ण'. कोठें ऱ्हस्वाचें दीर्घ. कोठें ओळीच्या शेवटीं राहिलेली मोकळी जागा. यंत्रास लहानमोठा भेद कळत नाहीं. वहिनींचें अशुद्ध लेखन पाहून आम्ही मनांत हसत होतों, इतक्यांत आमच्याच बाजूस आडव्या रेघा आल्या. पलीकडे आत्यांची तिथि होती.

आत्या लहानपणींच विधवा होऊन माहेरीं राहिल्या व आमच्या जन्मापूर्वींच निवर्तल्या; मागें संतति नाहीं. आतां जें एका प्रतींत नाहीं, तें तिच्यांतून गळालें असेल, किंवा दुसरींत कोणीं मागून घातलें असेल. येथें निर्णय अवघड नव्हता. आजोबांची ओळ व आत्यांची ओळ लागोपाठ, आणि दोहोंचा शेवट 'वद्य पंचमी' असाच. नक्कल करतांना आमची नजर पहिल्या 'पंचमी'वरून दुसरीवर घसरली होती.

पुतण्या म्हणाला, "काका, 'डी' आणि 'ओ' दाबलें कीं पलीकडचें आपल्याकडे येतें, 'डी' आणि 'पी' दाबलें कीं आपल्याकडचें पलीकडे जातें." आपल्याकडे तर कांहींच नव्हतें! म्हणजे दुसरी जोडी दाबली असती, तर वहिनींच्या प्रतींतूनही आत्या पुसल्या गेल्या असत्या. म्हणून वाचकांस आमचें सांगणें असें कीं, दोन्ही मजकुरांची एकेक प्रत अगोदर निराळी ठेवावी, एकेका भेदाशीं थांबावें, आणि अक्षर कोणाचें आहे हें पाहून निकाल देऊं नये.

जन्मभर आम्हीं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. आमची वही तपासण्याचें कोणास सुचलें नाहीं, आम्हांसही नाहीं. झाला प्रकार वहिनींस सांगितला, तेव्हां त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला त्यांतलें फारसें कळत नव्हतें. जसें होतें तसें लिहिलें, एवढेंच."

यंदाच्या महालयांत आत्यांचें नांव घेतलें जाईल.