आधी डोळा, मग कॅमेरा



मोबाईलमध्ये कॅमेरा आल्यापासून आपल्या घरी फोटोंचा पाऊस पडतो आहे. वाढदिवस, लग्न, डुमसची सहल... आणि बहुतेक फोटोंत आपण स्वतःच! आपल्या अवतीभवती जे असते, त्याचे फोटो मात्र क्वचितच सापडतात. म्हणून माझे मत असे की, मुलांना नक्षीचे फोटो काढायला शिकवावे.

नक्षी म्हणजे नुसती शोभा नव्हे. एखादा आकार काही नियमाने पुन्हा पुन्हा येतो आणि त्या नियमामागे कारण असते. तापीकाठचा गाळ उन्हात वाळून आक्रसतो, म्हणून त्याला भेगांची जाळी पडते. डुमसच्या काळ्या वाळूवरच्या वळ्या लाटांच्या ये-जा करण्याने उठतात. अननसाच्या डोळ्यांच्या तिरक्या ओळी मोजा. बहुधा एका बाजूने ८ आणि दुसऱ्या बाजूने १३ भरतील. फोटो काढल्यावर मुलाने 'हे असे का?' असे विचारले, तर तो फोटो सार्थकी लागला.

जर्मनीतील कार्ल ब्लॉसफेल्ट हे कलाशिक्षक होते. विद्यार्थ्यांना नक्षीकामाचे नमुने दाखवता यावेत म्हणून त्यांनी कळ्या, देठ आणि बिया यांचे कितीतरी पट मोठे फोटो काढले. त्यांचे पुस्तक १९२८ साली निघाले आणि जगभर गाजले. वर्गासाठी केलेले ते साधे काम होते.

आपले सुरत तर नक्षीवरच जगणारे शहर. खानदेशातून आपली कितीतरी घरे येथे आली ती लूम्स आणि मिलच्या कामासाठीच. तरीही वडील काय करतात असे विचारले, की काही मुले खाली मान घालून 'मिलमध्ये आहेत' एवढेच सांगतात. त्यांनी जुन्या जॅकार्ड मागावरची छिद्रांच्या पुठ्ठ्यांची साखळी एकदा पाहावी. जेथे छिद्र, तेथे ताण्याचा धागा वर उचलला जातो. त्यातून साडीवर बुट्टा उमटतो. फ्रान्समधील जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास केलेल्या या युक्तीवरूनच पुढे गणकयंत्रासाठी छिद्रांची कार्डे वापरण्याची कल्पना निघाली. हे कळल्यावर मान खाली जाणार नाही. आजीच्या गोधडीचे टाके, दारातली ठिपक्यांची रांगोळी हीसुद्धा घरचीच शाळा. ती सोडून इंटरनेटवर डिझाइन शोधणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा!

पालक म्हणतील, 'आधीच मुले मोबाईल सोडत नाहीत, त्यात हे नवे खूळ!' त्यांची काळजी खरी आहे. म्हणून मुलाला वेगळा मोबाईल मुळीच घेऊन देऊ नये. रविवारी अर्धा तास आईवडिलांचा फोन, तोही त्यांच्या सोबतीने. आणि आठवड्यात एकच फोटो. एकच काढायचा म्हटले की मूल आधी नीट पाहते. ज्या घरी तसा फोन नाही, त्या मुलाने वहीत चित्र काढावे. त्याचा मान तितकाच.

आणखी एक शिस्त हवी. झाडाचे पान कोणाच्या मालकीचे नसते, पण साडीचे डिझाइन कुणाच्या तरी मेहनतीचे असते. विचारल्याशिवाय त्याचा फोटो काढू नये. चालू यंत्राजवळ तर मुलांनी जाऊच नये. मोठ्यांनी फोटो आणून दाखवावा.

विश्वस्त मंडळाला नम्र विनंती : शाळेच्या व्हरांड्यातील एक भिंत या कामासाठी द्यावी. दर महिन्याला दहा फोटो किंवा चित्रे लावावीत आणि प्रत्येकाखाली मुलाच्या अक्षरात एक ओळ असावी, 'हे असे का?' खर्च फार नाही. उत्तर शोधायला गणिताच्या, विज्ञानाच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी मदत करावी. कधी ते उत्तर पाळीवरून परतलेल्या एखाद्या बाबांकडेही सापडेल. तेव्हा त्यांनाही शाळेत बोलवावे.