लाल बावट्याचे दोन इतिहास

टिटवाळ्याचे नाव निघाले की कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला महागणपतीचे मंदिर आठवते. महाराष्ट्रातील किसान सभेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९४५ मध्ये याच गावी भरले होते, ही गोष्ट मात्र क्वचितच कोणाच्या स्मरणात असते. त्या अधिवेशनास उंबरगाव-डहाणूकडील काही वारलीही आले होते. पुढे मे महिन्यात झरी गावी भरलेल्या परिषदेत वारल्यांनी यापुढे वेठबिगार करावयाची नाही, असा निर्णय घेतला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील लढ्याचा हा आरंभ होय.

या लढ्याकडे केवळ शौर्यगाथा म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो त्याहून अधिक आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जाच्या पोटी नवराबायकोने सावकाराकडे आयुष्यभर राबावयाचे, या लग्नगडी पद्धतीत मजुरीचा दर नावाची वस्तूच नव्हती. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्याशी दर ठरवावयाचा कशाला? तो नकार मिळाल्याबरोबर दराचा प्रश्न उपस्थित झाला. पावसाळा संपताच गवतकापणीचा हंगाम आला, तेव्हा पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये ही मागणी पुढे आली आणि तिच्यासाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. तरीही वेठबिगार पुन्हा रुळली नाही. येथे कम्युनिस्टांच्या हाती पोलीस, तिजोरी वा कायदा यांपैकी काहीच नव्हते, हे विसरता कामा नये.

हाच बावटा सत्तेवर असतो तेव्हा शेतकऱ्याचे काय होते, हे पाहण्यास सोविएत ताजिकिस्तान उपयोगी आहे. तोही डोंगराळ, गरीब आणि जमीनदारांच्या जाचाखालचा मुलूख. १९२४ साली उझबेकिस्तानांतर्गत स्वायत्त प्रजासत्ताक म्हणून त्याची स्थापना झाली व १९२९ साली त्यास संघराज्याचा घटक असा पूर्ण दर्जा मिळाला. शाळा आल्या, निरक्षरता जवळजवळ नाहीशी झाली, नुरेकसारखे प्रचंड धरण उभे राहिले. ही कमाई नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु शेते सामुदायिक झाली आणि काय पेरावयाचे, ते मॉस्कोने ठरविले. कापूस हवा होता, म्हणून डोंगरातील गावेच्या गावे सक्तीने वख्श खोऱ्यात आणून वसविण्यात आली. तेथील शेतकऱ्याला कापसाला नकार देण्याची सोय नव्हती. इतके करूनही ताजिकिस्तान सोविएत संघातील सर्वांत गरीब प्रजासत्ताक राहिले आणि संघ फुटताच १९९२ ते १९९७ या काळात यादवी युद्धात होरपळले. जुन्या वस्त्या मोडून केलेल्या वसाहतींतून निर्माण झालेली प्रादेशिक तेढ हे त्या युद्धाचे एकमेव नव्हे, तरी एक कारण होते.

तेथे साधने मिळाली, नकार गेला. आपल्याकडे नकार मिळाला. साधनांची काय अवस्था? कसेल त्याची जमीन हे तत्त्व कुळकायद्याने मान्य केले. वेठबिगारीस १९७६ साली कायद्याने बंदी झाली. वनजमिनीचा हक्क २००६ च्या कायद्याने मान्य केला, तरी त्याच्या अंमलबजावणीसाठी मार्च २०१८ मध्ये हजारो आदिवासी शेतकऱ्यांना नाशिकपासून मुंबईपर्यंत पायी यावे लागले. पाण्याची कथा तर ठाणेकरांच्या घरातलीच आहे. भातसा-तानसाचे पाणी महानगरांच्या नळांना येते आणि ज्या शहापूर तालुक्यात ही धरणे आहेत, तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

पाणी नाही म्हणून दुसरे पीक नाही, आणि दुसरे पीक नाही म्हणून दिवाळीनंतर गाव सोडणे आले. भिवंडी-कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर दिसणारी आदिवासी कुटुंबे याच हिशेबाने येतात. बहुतेकांनी पावसाळ्यातच मालकाकडून उचल घेतलेली असते. ती विटांच्या संख्येने फिटावयाची, आणि विटा मोजणारा व हिशेब लिहिणारा मालकाचाच माणूस. उचल फिटली नाही तर ती पुढल्या हंगामावर जाते. लग्नगड्याच्या कर्जाहून ही रीत कितपत निराळी आहे, हे कामगार खात्याने एकदा भट्टीवरची वही उघडून तपासावे.