होशंगाबादचे क्वेकर आणि ग्रुपवरचा फॉरवर्ड

आमच्या शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं. त्याच्या आदल्या वर्षी होशंगाबादचं नर्मदापुरम झालं. तेव्हापासून तिकडचं काही दिसलं की मी थांबून वाचतो. परवा ग्रुपवर फॉरवर्ड आला, 'मिशनरी म्हणजे दुष्काळात पोरं पळवणारे', आणि मला तिथले क्वेकर आठवले.

क्वेकर ख्रिस्तीच, पण त्यांच्या मूळ रीतीत पाद्री नाही, पाण्याचा बाप्तिस्मा नाही. प्रार्थना म्हणजे सगळ्यांनी एकत्र गप्प बसायचं. (आपल्या सभांना हे जमेल का?) १८६६ मध्ये रेचल मेटकाफ ही इंग्रज बाई एकटीच निघून बनारसला आली. १८७४ मध्ये मिशनचं काम होशंगाबादला सुरू झालं. तेव्हाचा मध्य प्रांत तो, राजधानी आपलं नागपूर. पुढे संधिवातानं बाईंचं चालणं बंद झालं, तरी अनाथ मुलांचं काम सुटलं नाही. १८८९ मध्ये त्या गेल्या.

तोवर पंथात आलेली माणसं थोडीच होती. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे पाठोपाठ दोन दुष्काळ पडले. आईबाप गेलेली पोरं मिशननं सांभाळली, कामधंदा शिकवला, आणि तिथला क्वेकर समाज बऱ्याच अंशी त्या पोरांतून उभा राहिला. म्हणजे फॉरवर्डमध्ये काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सात वर्षांच्या उपाशी पोरानं धर्म 'निवडला' असं कुणी सांगू नये. अडचणीचा भाग आहे तो, आणि मिशनचं कौतुक करणारे त्यावरून पटकन पुढे सरकतात. पण 'पळवली' हा शब्दही खोटाच.

पुढचं तर फॉरवर्डवाल्यांना माहीतच नसतं. त्याच क्वेकरांच्या रसुलिया केंद्रानं १९७२ मध्ये 'किशोर भारती'बरोबर जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिकवायला घेतलं. धर्माचा संबंध नाही, पोरांनी स्वतः प्रयोग करायचे. आपल्या पोरांना आवडणारी अरविंद गुप्तांची काडेपेटीच्या काड्यांची खेळणी त्याच कार्यक्रमातून आली. २००२ मध्ये राज्य सरकारनं तो कार्यक्रम बंद केला.

ग्रुपवर मी काकांना एवढंच विचारलं, "त्या पोरांना तेव्हा तुमच्या-माझ्या पणजोबांनी घरात घेतलं असतं का? स्वयंपाकघरापर्यंत?"

निळी टिक आली. उत्तर अजून नाही.