विश्लेषण : आठ तासांच्या कामासाठी पंधरा तासांचा दिवस! पॅलेस्टिनी कामगारांची नाक्यावरची रांग कशी असते?

इस्रायलमधील इमारतींच्या सळया, सेंटरिंग आणि गिलाव्याच्या कामात गेली पाच दशके वेस्ट बँकेतील पॅलेस्टिनी कामगारांचा मोठा वाटा राहिला आहे. कामावर पोहोचण्यासाठी या कामगारांना रोज लष्करी तपासणी नाके ओलांडावे लागत. ऑक्टोबर २०२३ मध्ये बहुतेकांसाठी हे नाके बंद झाले. ज्या रांगेला ते वैतागले होते, ती रांग तरी पुन्हा सुरू व्हावी, अशी अनेकांवर वेळ आली. ही व्यवस्था कशी चालते, तिची किंमत कोण मोजते आणि भारताचा तिच्याशी काय संबंध आहे, याचा आढावा...

पॅलेस्टिनी कामगार इस्रायलमध्ये का जातात?

१९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा ताब्यात घेतले. त्यानंतर या भागांतील कामगार इस्रायलमध्ये मजुरीला जाऊ लागले. सुरुवातीच्या दोन दशकांत ये-जा तुलनेने मोकळी होती. १९९१ मध्ये प्रत्येकाला वैयक्तिक परवाना सक्तीचा झाला आणि १९९३ पासून सीमाबंदी नेहमीची झाली. पण मजुरीतील तफावत कायम राहिली. इस्रायलमधील बांधकामावर मिळणारी रोजची मजुरी वेस्ट बँकेतील मजुरीच्या दुपटीहून अधिक, म्हणजे साधारण ३०० शेकेल होती. ऑक्टोबर २०२३ पूर्वी वेस्ट बँकेतील सुमारे दीड ते पावणेदोन लाख लोक इस्रायल आणि ज्यू वसाहतींमध्ये काम करत. यात परवान्याविना जाणारेही होते. वेस्ट बँकेत काम करणाऱ्या दर पाच जणांपैकी जवळपास एकाची चूल या मजुरीवर पेटत होती.

परवाना कसा मिळतो?

परवाने देण्याचे काम इस्रायली संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील ‘कोगॅट’ ही यंत्रणा करते. अर्जदाराचे वय, कौटुंबिक स्थिती आणि सुरक्षा यंत्रणांची नोंद पाहिली जाते. बोटांचे ठसे घेतलेले बायोमेट्रिक कार्ड काढावे लागते. नाव सुरक्षेच्या कारणास्तव ‘प्रतिबंधित’ यादीत गेले, तर त्यामागचे नेमके कारण बहुतेक वेळा अर्जदाराला सांगितले जात नाही.

बांधकाम क्षेत्रात अनेक वर्षे परवाना विशिष्ट मालकाशी बांधलेला असे. मालक सोडला की परवाना गेला. यातून दलाली फोफावली. परवान्यासाठी दरमहा २००० ते २५०० शेकेल मोजणारे हजारो कामगार होते. म्हणजे महिन्यातील सात-आठ दिवसांची मजुरी दलालाच्या खिशात! डिसेंबर २०२० मध्ये बांधकाम कामगारांना मालक बदलण्याची मुभा देणारी सुधारणा झाली. तरीही दलाली संपली नाही.

नाक्यावरचा दिवस कसा असतो?

बेथलेहेम आणि जेरुसलेमदरम्यानचा ‘चेकपॉइंट ३००’, रामल्लाजवळील कलंदिया, तुल्करेमजवळील इरताह, कल्किलियाजवळील एयाल, हेब्रॉनच्या पश्चिमेचा तरकुमिया हे कामगारांच्या वर्दळीचे प्रमुख नाके. दूरच्या खेड्यातील कामगार रात्री अडीच-तीनला घर सोडतो. नाका पहाटे उघडतो, पण रांगेत पुढचा नंबर लागावा म्हणून त्याआधीच गर्दी होते. दोन्ही बाजूंना लोखंडी गज असलेल्या अरुंद मार्गिकेतून माणसे पुढे सरकतात. पुढे फिरता लोखंडी दरवाजा, मग धातुशोधक यंत्र, सामानाची तपासणी, शेवटी कार्ड आणि बोटांचे ठसे. दरवाजा कधी थांबेल आणि कधी फिरेल, हे आत बसलेल्या सुरक्षारक्षकाच्या हाती.

अनेक जण पहाटेचा नमाज तिथेच पुठ्ठा अंथरून पढतात. चहा-कॉफी, ब्रेड आणि फलाफल विकणाऱ्या गाड्या नाक्याबाहेर लागतात. पलीकडे कंत्राटदाराची गाडी उभी असते. ती चुकली, की त्या दिवसाचा रोजगार बुडाला. काम सात वाजता सुरू होऊन दुपारी साडेतीन-चारला संपते. घरी परतेपर्यंत संध्याकाळ होते. पंधरा तासांच्या अशा दिवसात मजुरी मिळते ती आठ तासांची. राहिलेल्या वेळेचा हिशेब कोणत्याही पगारपत्रकात नसतो. घरी मुले उठण्याआधी निघायचे आणि परतल्यावर लवकर झोपायचे, हा अनेकांचा वर्षानुवर्षांचा क्रम.

रांग कमी करता आली असती का?

याचे उत्तर २०१९ मध्ये मिळाले. कलंदियासह काही नाक्यांवर कार्ड आणि चेहरा ओळखणारी स्वयंचलित दारे बसवण्यात आली. मार्गिका वाढवण्यात आल्या. जिथे तास-दीड तास खोळंबा व्हायचा, तिथे काही मिनिटांत सुटका होऊ लागली. प्रत्येकाची तपासणी सुरू असतानाही रांग आटोक्यात येऊ शकते, हे यातून सिद्ध झाले. म्हणजेच आधीचा खोळंबा हा केवळ सुरक्षेचा अटळ परिणाम नव्हता. किती दारे, किती कर्मचारी आणि किती वाजता उघडायचे, या निर्णयांचा तो परिणाम होता. अर्थात या सुविधेची किंमत होती लाखो लोकांच्या चेहऱ्यांची माहिती. ती द्यायची की नाही, हा पर्याय कामगाराला नव्हता. त्यामुळे मानवी हक्क संघटनांनी यावर टीका केली.

इस्रायलची बाजू काय?

दुसऱ्या इंतिफादाच्या काळात इस्रायली शहरांत आत्मघाती बॉम्बस्फोटांत शेकडो नागरिकांचा बळी गेला. त्यानंतर २००२ पासून विभाजक भिंत आणि कुंपण बांधण्यास सुरुवात झाली. नाके आणि भिंतीमुळे हल्ले घटले, असे इस्रायल सांगतो. मात्र सुमारे ७१२ किलोमीटरच्या नियोजित मार्गापैकी जवळपास ८५ टक्के भाग वेस्ट बँकेच्या आतून जातो. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये दिलेल्या सल्लादर्शक मतात व्याप्त भूमीतील हे बांधकाम आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरोधात ठरवले. शिवाय नाके केवळ सीमेवर नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या ‘ओचा’ या यंत्रणेने २०२५ च्या सुरुवातीला वेस्ट बँकेत नाके, फाटके, मातीचे ढिगारे असे ८४९ अडथळे मोजले. अनेकदा मुख्य नाक्यापर्यंत पोहोचण्याआधीच कामगाराला दोन-तीन ठिकाणी थांबावे लागते.

७ ऑक्टोबर २०२३ नंतर काय बदलले?

हमासच्या हल्ल्यानंतर इस्रायलने पॅलेस्टिनींचे कामाचे परवाने स्थगित केले. गाझातील सुमारे १८ हजार ५०० परवानाधारकांचे काम एका दिवसात संपले. त्यातील हजारो जण त्या वेळी इस्रायलमध्ये होते. अनेकांना ताब्यात घेऊन नोव्हेंबरच्या सुरुवातीला बॉम्बवर्षाव सुरू असलेल्या गाझात परत पाठवण्यात आले. वेस्ट बँकेतील अत्यावश्यक कामांसाठीच्या काही हजार कामगारांना नंतर परवानगी मिळाली. बाकीचे घरी बसले. वेस्ट बँकेतील बेरोजगारीचा दर १३ टक्क्यांच्या आसपास होता, तो काही महिन्यांत ३० टक्क्यांवर गेला. नाक्याबाहेरच्या चहाच्या गाड्याही उठल्या. काही कामगार भिंत चढून किंवा कुंपणातील फटीतून जाण्याचा धोका पत्करू लागले. त्यात काहींचा जीव गेला.

दुसरीकडे इस्रायलमधील बांधकामे रखडली. या क्षेत्रात एकट्या पॅलेस्टिनी कामगारांची संख्या सुमारे ८० हजार होती. त्यांना परत बोलवावे, अशी मागणी बांधकाम व्यावसायिकांनी केली, मात्र मंत्रिमंडळात तिला तीव्र विरोध झाला.

भारताचा संबंध काय?

भारत आणि इस्रायलमध्ये मे २०२३ मध्ये, म्हणजे युद्धापूर्वीच, ४२ हजार भारतीय कामगार पाठवण्याचा करार झाला होता. त्यातील ३४ हजार बांधकामासाठी होते. युद्धानंतर या भरतीला वेग आला. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणा आणि उत्तर प्रदेशात सळई, सेंटरिंग, गिलावा आणि लादीच्या कारागिरांच्या चाचण्या झाल्या. दरमहा सुमारे १ लाख ३७ हजार रुपयांच्या पगाराने तरुणांच्या रांगा लागल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातही भरतीची फेरी झाली. भारतातील काही कामगार संघटनांनी या भरतीला विरोध केला. युद्धक्षेत्रातील सुरक्षितता आणि पॅलेस्टिनींची जागा भरणे, हे दोन्ही आक्षेप त्यात होते.

मार्च २०२५ मधील एक घटना या व्यवस्थेबद्दल बरेच सांगून जाते. वेस्ट बँकेतील एका गावातून दहा भारतीय बांधकाम कामगारांची इस्रायली यंत्रणांनी सुटका केली. कामाचे आमिष दाखवून त्यांना तिथे नेण्यात आले होते, त्यांचे पासपोर्ट काढून घेतले गेले आणि ते वापरून काही जणांनी नाका ओलांडण्याचा प्रयत्न केला, असे इस्रायलकडून सांगण्यात आले. हा गुन्हाच आहे. पण परक्या देशाच्या पासपोर्टला नाक्यावर एवढी किंमत का आली, हा प्रश्न त्यामागे उरतोच.

पुढे काय?

परवाने पुन्हा सुरू झाले तरी मूळ प्रश्न सुटणार नाही. परवाना ही सवलत आहे. ती कधीही काढून घेता येते आणि एका व्यक्तीच्या कृत्यासाठी सगळ्या गावाचे परवाने रोखता येतात. १९९४ च्या पॅरिस करारात कामगारांच्या ये-जा करण्याचा उल्लेख आहे, पण तिची मर्यादा ठरवण्याचा अधिकार दोन्ही बाजूंना आहे. व्यवहारात तो अधिकार नाका ज्याच्या ताब्यात आहे, तोच वापरतो. वेस्ट बँकेत स्वतःचे उद्योग उभे राहण्यासाठी लागणारी जमीन, पाणी आणि रस्ते यांवरही याच निर्बंधांची छाया आहे. म्हणून कामगाराला घराजवळ पुरेशी मजुरी मिळत नाही आणि दूरची मजुरी हक्काची होत नाही. हे बदलत नाही, तोवर नाका उघडला की पहाटे तीनची रांग पुन्हा लागेल, आणि बंद झाला की चूल विझेल.