नाव सोनूबाई, हाती स्टीलचा वाळा

माणसाने नाव बाळगावी की नाही, हा एक प्रश्न. आणि दुसऱ्याने बाळगलेल्या नावेला नावे ठेवावीत की नाही, हा दुसरा. पहिला प्रश्न आमच्या धाकट्या मेहुण्यांनी कोणाला न विचारता सोडवून टाकला. दुसरा मी आज सोडवणार आहे.

मेहुण्यांची नाव म्हणजे सव्वीस फुटी, फायबरग्लासची, सेकंडहँड शिडाची बोट. मुंबई बंदरात ती नांगरलेली असते. पावसाळ्यात तिला जमिनीवर काढतात, दसरा-दिवाळीच्या सुमाराला ती पुन्हा पाण्यात पडते. तिचे बारसे मी केले. 'सोनूबाई' हे नाव मी सुचवले तेव्हा मेहुण्यांना ते कौतुक वाटले. म्हणीचा उरलेला अर्धा भाग मी मनातल्या मनात म्हणत होतो.

या सोनूबाईवर मला एकच काम येते, ते म्हणजे सुकाणू धरणे. दोर ओढायला माझी पाठ तयार नाही आणि नांगर उचलायला डॉक्टर तयार नाहीत. पण चाक हातात दिले की मी बरा असतो. बंदरातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाने मला ते शिकवले. म्हणाला, "सायेब, चाकाकडं बघू नका, शिडाकडं बघा. वारा गालावर कुठं लागतोय ते ध्यानात ठेवा. आन् लई डोकं चालवू नका." बँकेत चौतीस वर्षे काढली, पण इतका मोलाचा सल्ला मला एकाही वरिष्ठाने दिला नव्हता. विशेषतः शेवटचा भाग.

तर असे सुरळीत चालले असताना गेल्या दिवाळीत मेहुण्यांना 'अपग्रेड' नावाचा ताप भरला. हा ताप आधी चाकावर गेला. जुने चाक ॲल्युमिनियमचे, दोन फूट व्यासाचे, आमटीच्या जुन्या पातेल्यासारखे पोचे आलेले. त्याच्या जागी स्टेनलेस स्टीलचे बत्तीस इंची चाक आले. चाक मोठे की तरफ लांब, आणि तरफ लांब की हाताला जोर कमी, हे शास्त्र मला मान्य आहे. पण चाक वाढले तरी बोटीची रुंदी वाढत नाही. पूर्वी मी चाकामागे चालत जात असे. आता बाकावर चढून, कुशीवर वळून, पोट आत घेऊन जावे लागते. चाकावर कातडी आवरण होते, तेही आपले आपण शिवायचे! मेहुण्यांनी ते दोन सुयांसकट आपल्या बहिणीपुढे, म्हणजे आमच्या घरी, आणून टाकले. ज्या बाईने आजवर बोटीवर पाऊल ठेवले नाही तिने दोन दुपारी बसून बत्तीस इंची वाळा शिवून दिला, आणि मला विचारले, "एवढ्या मोठ्या चाकावर जाता कुठं तुम्ही?"

"मांडव्याला," मी म्हणालो.

"तिथं तर फेरीबोट जाते ना?"

या प्रश्नाला उत्तर नाही.

चाकापाठोपाठ ऑटोपायलट आला. चाकाला एक गोल कडे बसते, त्यात पट्टा आणि मोटर. केबिनमध्ये एक विजेचे होकायंत्र. समोर बटणांची पाटी: एक अंश डावीकडे, एक उजवीकडे, दहा डावीकडे, दहा उजवीकडे. 'ऑटो' दाबले की चाक आपोआप कुरकुर करीत वळते आणि बोट ठरल्या दिशेला जात राहते. मेहुण्यांनी ते दाबले, आणि माझ्याकडे वळून मोठ्या प्रेमाने म्हणाले, "बसा भाऊजी, आराम करा आता."

वाचकहो, मी दुसऱ्यांदा निवृत्त झालो. पहिल्या वेळी निदान नारळ तरी मिळाला होता.

आता कोणी म्हणेल, हा सगळा एका म्हाताऱ्याचा पोटशूळ आहे. आहेच. पण पोटशूळ झाला म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. आपोआप चालणाऱ्या सुकाणूला माझा सरसकट विरोध नाही. जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ एकट्याने जगाला वळसा घालून आला, तेव्हा त्याने चाक दोराने बांधून ठेवले आणि 'स्प्रे' आपली आपण सरळ जात राहिली. १९६० साली फ्रान्सिस चिचेस्टरने एकट्याने अटलांटिक ओलांडला, तेव्हा त्याचे सुकाणू वाऱ्यावर फिरणाऱ्या पंख्याने सांभाळले. पंख्याला त्याने 'मिरांडा' असे नाव ठेवले होते. आपले अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले. त्या शर्यतीत विजेचा ऑटोपायलट चालतच नाही, वाऱ्यावरचाच लागतो. तो वाटेत मोडला तेव्हा त्यांनी बोटीच्या शौचालयाचे दार कापून त्याची पाती बनवली. याला म्हणतात गरज! एकटा माणूस, महिनोन्‌महिने समुद्र. त्याला झोप हवी, जेवण हवे, फाटलेले शीड शिवायला दोन हात हवेत. मेहुणे उद्या गोव्याला निघाले, दोन दिवस नि दोन रात्री, तर ऑटोपायलट मीच चालू करून देईन.

पण आम्ही जातो मांडव्याला! तीन माणसे, सहा हात. त्यांपैकी दोन हात सुकाणूवर ठेवले तरी चार उरतात. "हात मोकळे होतात" हे या यंत्राचे पहिले समर्थन. मोकळ्या हातांचे आम्ही काय केले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मेहुण्यांनी मोबाइल काढला. त्यांच्या मुलानेही काढला. तोंडाला पाऊण तास सोन्यासारखा वारा लागत होता आणि बाप-लेक दुसऱ्या कोणाच्या तरी बोटीचे फोटो पाहत होते.

दुसरे समर्थन असे की, यंत्र माणसापेक्षा सरळ जाते. जाते ना! त्याला दिशा कळते, पण वाट कळत नाही. वारा फिरला तर तांडेल बोट फिरवतो. आमचे यंत्र होकायंत्राला चिकटून राहते, मग शीड धाडकन दुसऱ्या अंगाला गेले आणि आडवा दांडा कोणाच्या टाळक्यात बसला तरी त्याला सोयरसुतक नाही. आणि होकायंत्राचे म्हणाल, तर जानेवारीतल्या त्या रविवारची गोष्ट सांगतो.

आम्ही शहाळी घेतली होती. शहाळी म्हटली की कोयता आला. मुलाने शहाळी सोलली आणि कोयता नीट पुसून केबिनच्या कप्प्यात ठेवला. कप्प्याच्या पलीकडे, फळीला चिकटून, ते विजेचे होकायंत्र. लोखंड शेजारी आल्याबरोबर यंत्राची उत्तर दिशा सरकली, आणि सोनूबाई गुपचूप, अगदी आत्मविश्वासाने, वीस-पंचवीस अंश वळली. कोणाला कळले नाही. कोण बघत होते? माझ्या गालावरचा वारा कानाकडे गेला तेव्हा मी मान वर केली. समोर डोल जाळ्यांचे बोये, आणि बोयांशी एक लहान होडी. होडीत एक कोळी आणि दहा-बारा वर्षांचा पोरगा, दोघेही जाळ्यावर ओणवे झालेले.

मी त्या अवाढव्य चाकाला मिठी मारली. ते वळेना. यंत्र त्याच्या बाजूने ओढत होते, मी माझ्या. मेहुण्यांनी धडपडत येऊन बटण दाबले तेव्हा कुठे चाक सुटले आणि आम्ही होडीपासून दोन वावांवरून गेलो. कोळी ताठ उभा राहिला आणि ओरडला, "आरं ए शेट! बोटीवर माणूस हाय का नाय?"

शिव्या त्याने नंतर दिल्या, त्या छापण्याजोग्या नाहीत. पण तो पहिला प्रश्न माझ्या मनातून जात नाही. बोटीवर आम्ही तीन होतो आणि माणूस एकही नव्हता. समुद्रावर टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांतला पाचवा सांगतो की, प्रत्येक नौकेने सदैव डोळ्यांनी आणि कानांनी नीट पहारा ठेवला पाहिजे. त्यात सव्वीस फुटी बोटीला सूट नाही, आणि ज्याने महाग यंत्र घेतले त्यालाही नाही. तो पोरगा ओणवा होता. त्याची पाठ आमच्याकडे होती. आपल्याकडे येणाऱ्या बोटीवर कोणीतरी बघत असणार, हा त्याचा विश्वास. त्या विश्वासाचे अपग्रेड कोणत्या दुकानात मिळते?

परतीच्या वाटेवर कोणी बोलले नाही. चाक माझ्याकडे होते. शहाळी तशीच राहिली.

मेहुण्यांनी चूक कबूल केली, असे समजू नका. आमच्या सासुरवाडीत ती पद्धत नाही. पुढच्या रविवारी ते एवढेच म्हणाले, "भाऊजी, बॅटरी जरा उतरलीय. आज तुम्हीच धरा." त्याच्या पुढच्या रविवारीही बॅटरी उतरलेली होती. मी चौकशी केली नाही. मोटरच्या बॅटरीवरच ते यंत्र चालते आणि मोटर तर एका बटणासरशी सुरू होत होती, हे मला दिसत होते. पण काही बॅटऱ्या उतरलेल्याच बऱ्या.

होळीच्या सुमाराला मात्र वेगळेच घडले. वारा छान होता, सोनूबाई एका कुशीवर कलून पळत होती, आणि मेहुणे बराच वेळ माझ्या शेजारी घुटमळत होते. शेवटी म्हणाले, "भाऊजी, दहा मिनिटं मला द्या ना."

"चाकाकडे बघू नकोस," मी म्हणालो, "शिडाकडे बघ."

ते बाकावर चढले, कुशीवर वळले आणि पोट आत घेऊन चाकामागे गेले. मोठ्या चाकाचा हा एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे.