उंदराचे माप, माणसाचे अंग

आज २ डिसेंबर, राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन. शाळांतून प्रतिज्ञा होतील, कार्यालयांवर फलक लागतील आणि भोपाळमध्ये सलग एक्केचाळिसाव्या वर्षी वायुकांडातल्या मृतांची आठवण निघेल. इकडे पांढुर्णा जिल्ह्यातल्या रामाकोन्यात कपाशीची वेचणी सुरू आहे, आंबिया बहाराच्या संत्र्यांचा शेवटचा तोडा निघतो आहे. भोपाळ आपल्या मध्य प्रदेशाची राजधानी खरी, पण इथल्या माणसाचा बाजार, सोयरीक आणि दुखणेखुपणे सगळे नागपूरकडे. सिल्लेवानीचा घाट उतरला की रामाकोना, पुढे सौंसर, मग सावनेर आणि नागपूर. छिंदवाड्याचा मोठ्या आजाराचा पेशंट याच रस्त्याने खाली येतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाची लेकरे अशीच नागपूरला आणली गेली. साधा सर्दी-ताप, खोकला. औषध दिले, ताप उतरला, आणि मग लघवी बंद झाली. सुरुवातीला संशय उंदरांवर होता, डासांवर होता, गावच्या पाण्यावर होता. नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेपर्यंत गेले. मूत्रपिंडाच्या तपासणीने बोट दाखवले ते मात्र विषाकडे. वीसहून अधिक मुले गेली. बहुतेक परासिया भागातली, काही बैतूलची, एक आपल्या पांढुर्णा जिल्ह्यातले.

'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधाचे नाव आता इथल्या प्रत्येक आईला पाठ आहे. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने कांचीपुरमच्या कारखान्यातून उचललेल्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉल निघाले ते ४८.६ टक्के. मुभा किती? ०.१ टक्का. टक्क्यांत बोलले की आकडा कागदावर सपाट पडून राहतो, म्हणून तो चमच्यात ओतून पाहू. पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात मुभेप्रमाणे हे रसायन फार तर ५ मिलिग्रॅम असायला हवे. तिथे ते सुमारे २,४३० मिलिग्रॅम होते. युरोपातल्या अन्नविषयक तज्ज्ञ समितीने या जातीच्या ग्लायकॉलांसाठी रोज सोसवेल अशी मात्रा धरली आहे, शरीराच्या दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. दहा किलोच्या लेकराला दिवसभरात पाच. म्हणजे आपल्या औषधकोशाची मुभा आणि त्या समितीचा हिशेब एका चमच्यापाशी जवळजवळ जुळतात. आकडा ठरवणाऱ्यांचे गणित चुकलेले नव्हते.

मग चुकले कुठे? आजच्या दिवशी हाच प्रश्न विचारायला हवा. कारण प्रत्येक अपघातानंतर आपल्याकडे मागणी होते ती 'कडक कायद्या'ची, 'कडक मर्यादे'ची. मर्यादा बऱ्याचदा कडकच असते.

ती येते कुठून, हे एकदा बघण्यासारखे आहे. उंदरांचे गट पाडतात, त्यांना एखादे रसायन कमी-अधिक मात्रेत खाऊ घालतात. ज्या मात्रेपर्यंत काहीच वाईट दिसत नाही, ती मात्रा धरतात. तिला शंभराने भागतात. दहाचा एक भाग उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, दहाचा दुसरा माणसामाणसांतल्या फरकासाठी. कुणी म्हातारा असतो, कुणी आजारी, कुणी पोटुशी. १९५४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या लेहमन आणि फिट्झह्यू या दोघांनी हा शंभराचा भाजक मांडला. त्यामागे फार मोठे प्रमेय नव्हते, शहाण्या माणसाचा अंदाज होता. आजही जगभर अन्नातल्या रसायनांच्या रोजच्या सुरक्षित मात्रेमागे बहुधा तोच अंदाज उभा असतो. त्यात हसण्यासारखे काही नाही. बी पेरतानाही आपण अंदाजानेच पेरतो.

पण मात्रा ठरली म्हणजे जोखीम मोजली असे होत नाही. गारुड्याच्या टोपलीतला नाग विषारी असतोच. टोपलीचे झाकण कोण उघडतो, केव्हा उघडतो आणि पोरे किती जवळ उभी आहेत, यावर धोका ठरतो. जोखीम मोजण्याची जी पद्धत १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने लिहून काढली आणि पुढे सगळ्यांनी उचलली, तिच्यात चार पायऱ्या आहेत. रसायन काय बिघडवते, किती मात्रेला बिघडवते, माणसाच्या अंगात प्रत्यक्षात जाते किती, आणि मग या तिन्हींवरून निष्कर्ष. पहिल्या दोन पायऱ्या प्रयोगशाळेत होतात. तिसरीसाठी घरात, शेतात, कारखान्याच्या पत्र्याखाली जाऊन उभे राहावे लागते. आमचे म्हणणे असे की आपली यंत्रणा दुसऱ्या पायरीवरच ठाण मांडून बसते. उंटावरून शेळ्या हाकते म्हणा.

औषधाचेच पाहा. डायइथिलीन ग्लायकॉल हे ब्रेक ऑइलात, शाईत, रेझिनात जाणारे कारखान्याचे रसायन. चवीला गोडसर, औषधी द्रावकाचा स्वस्तातला चुलतभाऊ. त्याने माणसे मरतात हे १९३७ मध्येच अमेरिकेत कळले. सल्फानिलामाइडच्या एका एलिक्सिरने शंभरावर बळी घेतले आणि दुसऱ्या वर्षी तिथला औषध कायदा नवा झाला. आपल्याकडे १९८६ मध्ये त्याचा मोठा बोभाटा झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने मंत्रालयापासून औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांची झाडाझडती घेतली, महाराष्ट्रात मंत्र्याला जावे लागले. त्यानंतर १९९८ मध्ये गुरुग्रामला तीसहून अधिक मुले, २०१९-२० मध्ये जम्मूतल्या रामनगरलाही मुले दगावली. २०२२ मध्ये आपल्याकडून गेलेल्या सिरपांमुळे आफ्रिकेतल्या गांबियात मुले दगावल्याचा आरोप झाला आणि जगभर नाचक्की झाली. मग केंद्राने नियम केला: १ जून २०२३ पासून परदेशी जाणारे खोकल्याचे प्रत्येक औषध सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय देशाबाहेर जाणार नाही.

परदेशी जाणारे. परासियाला जाणारे नव्हे.

हा नियम करणाऱ्यांच्या मनात काही वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. देशातल्या औषधासाठीही कच्चा माल आणि तयार माल तपासण्याचा नियम पुस्तकात आधीपासून आहेच. फक्त माल तपासायचा कारखानदाराने, आणि कारखानदाराने तपासले की नाही हे अधूनमधून पाहायचे निरीक्षकाने. परासियाच्या प्रकरणात ३ ऑक्टोबरला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की तपासलेल्या नमुन्यांत हे विष नाही. ते खोटे नव्हते; हाती आलेल्या त्या नमुन्यांत ते नव्हतेच. ज्या बाटलीत होते तिथे तामिळनाडूचे अधिकारी पोहोचले. मोजणारा कुठे उभा आहे, यावर उत्तर बदलते ते असे.

आता भोपाळ. युनियन कार्बाइडचा कारखाना भोपाळात काय बनवत होता, हे आजच्या भाषणांत क्वचितच येते. तो बनवत होता 'सेविन', म्हणजे कार्बारिल, कपाशीवरच्या किडीचे औषध. मिथिल आयसोसायनेट हा वायू त्या औषधाच्या वाटेवरचा मधला टप्पा. १९८४ च्या त्या रात्री कोणत्या वायूवर कोणता उतारा द्यायचा, हे दवाखान्यातल्या डॉक्टरांना माहीत नव्हते. नंतर कित्येक महिने सोडियम थायोसल्फेट द्यावे की देऊ नये यावर वाद चालला. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला, घातक रसायनांचे नियम १९८९ मध्ये. कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला नेऊन जाळायला २०२५ साल लागले. आणि ज्याच्यासाठी हे सगळे झाले, त्या कार्बारिलचे काय? त्यावर बंदी आली ऑगस्ट २०१८ मध्ये. वायू निघून गेल्यावर चौतीस वर्षे ते कीटकनाशक देशाच्या यादीत राहिले.

ही बंदी तरी कशी आली? २०१३ मध्ये अनुपम वर्मा समिती नेमली गेली. इतर देशांत बंद वा मर्यादित झालेली, पण आपल्याकडे चालू असलेली ६६ कीटकनाशके तिच्यापुढे ठेवली. समितीने २०१५ मध्ये अहवाल दिला, २०१८ मध्ये अठरांवर गदा आली. बारांवर लगेच, सहांवर २०२० च्या अखेरीस. २०२० मध्ये आणखी २७ औषधांवर बंदीचा मसुदा निघाला आणि घासाघीस होऊन २०२३ मध्ये त्यातली मोजकीच बंद झाली. मोनोक्रोटोफॉस हे लाल त्रिकोणाचे औषध भाजीवर मारू नये असे २००५ मध्येच ठरले होते. भाजी विकणाऱ्या आणि कपाशी पेरणाऱ्या माणसाचे घर एकच असते, आणि कोठीतला डबाही एकच, हे मात्र कुणी लक्षात घेतले नव्हते.

त्या त्रिकोणाविषयी थोडे. डब्यावरचा तिरपा चौकोन, खालचा अर्धा रंगीत. बोलीत सगळे त्याला त्रिकोणच म्हणतात. लाल, पिवळा, निळा, हिरवा. निम्मे उंदीर मरायला दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम लागले, यावर रंग ठरतो: पन्नासपर्यंत लाल, पाचशेपर्यंत पिवळा, पाच हजारांपर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. शेतकऱ्याला हा रंग कळतो आणि तो त्यावर विश्वासही ठेवतो. हिरवा म्हणजे बिनघोर, असा त्याचा समज होतो. पण तो रंग सांगतो ते एका फटक्यात मरण्याविषयी. वीस वर्षे पाठीवर पंप वाहिल्यावर हाताला कंप का सुटतो, हे त्या रंगात नाही. दोन औषधे एकाच टाकीत ओतली तर काय, हेही नाही. कीटकनाशकांच्या नोंदणी समितीपुढे औषध येते ते एकेकटे किंवा कारखान्यातच बनवलेल्या मिश्रणाच्या रूपात. सौंसर-पांढुर्ण्याच्या शिवारात एका टाकीत अळीचे, माव्याचे, वर झाड हिरवेगार करणारे टॉनिक, असा काला होतो. कृषी केंद्रावर सल्लाही तसाच मिळतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी कपाशी पुरुषभर वाढली होती, फवारा वर मारला की अंगावर यायचा, आणि बोंडअळीला आवरायला पुन्हा पुन्हा मारावा लागायचा. पत्रकात हातमोजे, मुखवटा, अंगभर कपडे लिहिलेलेच होते. भाद्रपदाच्या उकाड्यात, दमट शेतात, रोजंदारीवर. ज्याने लिहिले त्याने तो पोशाख घालून दोन एकर कपाशी फवारून पाहावी, एवढीच विनंती.

यातली आणखी एक गोम. औषध सुरक्षित आहे याचा पुरावा समितीपुढे ठेवायचा असतो औषध विकणाऱ्यानेच. हे जगभर तसेच आहे आणि त्यात तत्त्वतः चूक नाही. खर्च त्यानेच करावा. युरोपने २००७ पासून हेच तत्त्व सगळ्या कारखानी रसायनांना लावले: माहिती नाही तर बाजार नाही. अमेरिकेने १९७६ च्या कायद्यात उलटे केले होते. तेव्हा बाजारात असलेली सुमारे ६२ हजार रसायने चाचणीवाचून तशीच आत घेतली, आणि त्याची फेड तिथले लोक अजून करत आहेत. आपल्याकडे कीटकनाशकाला वेगळा कायदा, औषधाला वेगळा, अन्नाला वेगळा, कारखान्याला वेगळा. साऱ्या रसायनांची एकत्र नोंद ठेवणाऱ्या नियमांचा मसुदा २०२० पासून मसुदाच आहे. कीटकनाशक कायदाही असाच दहा वर्षे वाट पाहून आला होता: १९५८ मध्ये केरळात जहाजातल्या गव्हाच्या पिठात पॅराथिऑन मिसळले, शंभरावर माणसे मेली, कायदा झाला १९६८ मध्ये.

शेतकऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. जुने औषध बंद झाले की नवे येते ते तिप्पट महाग, आणि अळी थांबत नाही. बंदीच्या बातमीवर शहरात टाळ्या वाजतात, इथे उधारीची वही जाड होते. म्हणून आमचा भर बंदीवर कमी, मोजण्यावर जास्त आहे. फवारणीच्या तीन महिन्यांत रामाकोना, सौंसर, बोरगावच्या दवाखान्यांत चक्कर, उलट्या, धूसर दिसणे घेऊन किती माणसे आली, त्यांनी काय फवारले होते, कशात काय मिसळले होते, याची साधी नोंद दर हंगामाला फरीदाबादच्या नोंदणी समितीपर्यंत जावी. ती जोखमीची तिसरी पायरी होईल. त्यासाठी उंदीर लागत नाहीत.

आणि मोजता येते, हे आपण सिद्धही केले आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपने नाशिकची द्राक्षे नाकारली, तेव्हापासून निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी आणखी काटेकोर झाली. कुठल्या प्लॉटवर काय मारले याचा माग तिथे लागतो, पेटी निघण्याआधी अंशांचा अहवाल लागतो. पलीकडे गिऱ्हाईक मागत होते, म्हणून इथे यंत्रणा उभी राहिली.

रामाकोन्याहून आज रात्रीही संत्र्यांच्या गाड्या सुटतील. सावनेरवरून पहाटे नागपूरच्या कळमना बाजारात लागतील. तिथे गाडी काट्यावर चढेल, वजन होईल, माल चोख की डागी हे बोली लावणारा हाताने चाचपून पाहील, आणि दुपारपर्यंत ती संत्री नागपूरच्या कुठल्या तरी दवाखान्याबाहेर, पेशंटला नेण्यासाठी, डझनावर विकली जात असतील.